पिंगरीसाहेबांची मंगलाष्टकं

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी एक मूर्खपणा केला आणि पुढे आयुष्यभर त्यावर मान मिळवला. मूर्खपणा सगळ्यांच्याच हातून होतो. पण त्याबद्दल ओटीत नारळ पडण्याचं भाग्य फार थोड्या जणींचं.

त्या वर्षी माझं अपेंडिक्स काढलं. आमच्या सांगलीकडे तेव्हा असं काही कापायचं-शिवायचं निघालं, की लोक मिशनच्या दवाखान्यात जात. तिथे एक अमेरिकन नर्सबाई होत्या. उंच, हाडकुळ्या, चेहरा कायम गंभीर. संध्याकाळी सगळ्या खाटांवरून फेरी झाली, की त्या व्हरांड्यातल्या पायपेटीवर बसून एक चाल वाजवत. दादऱ्यासारखी झुलणारी, मधेच वर चढून हळूच खाली उतरणारी. मी पोटाला पट्टी बांधून पडलेली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मिशनचा दवाखाना, पायपेटी आणि न हसणारी बाई, एवढ्या पुराव्यावर मी ठरवून टाकलं, की हे त्यांच्या देवाचं स्तोत्र आहे. कुणाला विचारायचं? छे! विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही असं कबूल करणं, आणि मी तर मॅट्रिक पास. प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाई बुटाने जमिनीवर दोनदा ठक ठक करत. तो मी पेटीच्या भात्याचा आवाज समजले.

घरी आले तोवर मावसबहिणीचं लग्न ठरलं होतं. मी त्या चालीवर मंगलाष्टकं रचली. ती साधारण अशी होती:

दोन गावांच्या दोन या वाटा
आज मांडवी आल्या गं,
एकीचा हात दुजीच्या हाती,
देव साक्षीला आला गं...

आणि मग 'शुभमंगल सावधान'. मात्रा कमी पडेल तिथे मी 'गं' घालत असे, पातळ आमटीला पीठ लावतात तसं. तेव्हा मात्र मला वाटत होतं, की असं काव्य सांगली जिल्ह्यात झालं नाही. लग्नात दोन वेण्या पुढे घेऊन, डोळे मिटून मी ती म्हटली. गुरुजी वैतागले. म्हणाले, "पोरी, ही चाल झोपाळ्यावरची आहे." मी डोळे न उघडता म्हणाले, "देवाघरची आहे." बायका रडल्या. बायका रडल्या म्हणजे काम झालं. त्यानंतर आमच्या भागात कुणाचंही लग्न निघालं, की मांडववाल्याच्या आधी मला निरोप यायचा. मी 'अष्टकवाल्या विमलताई' झाले, मग 'विमलकाकू', आता 'विमलआजी'. शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं, ते कुणाच्या लक्षात नाही. हे आहे.

ब्रिस्टल

ऑगस्टमध्ये नातीचं लग्न, म्हणून जुलैतच लेकीकडे ब्रिस्टलला गेले. लेक मेधा तिथे विमानांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. विमानाचे पंख मोडू नयेत हे बघणं तिचं काम. पण तिच्या घरात कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, हे मला महिनाभर जमलं नाही. काळा, हिरवा, निळा, तपकिरी, शिवाय एक पिशवी. मी केळ्याचं साल हातात घेऊन डब्यांपुढे उभी राहिले, की मेधा खिडकीतून ओरडायची, "आई, तपकिरी! कौन्सिलवाले उचलत नाहीत गं!" आपल्याकडे गाय तरी असते, ती काही विचारत नाही.

नात इरा एडिनबराला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. इथेच जन्मली, इथेच वाढली. तिचा होणारा नवरा कॅलम, तिकडचाच. रोज संध्याकाळी ती व्हिडिओ कॉल करायची. हॉल तिनेच ठरवला, केक तिनेच, फुलं तिनेच. आमच्याकडून तिने एकच मागितलं.

"आजी, माझा लग्नात तोच गाणं पायजे. आईचा कॅसेटवाला."

मेधाच्या लग्नातल्या मंगलाष्टकांची कॅसेट त्यांच्या गाडीत असायची. इरा लहान असताना गाडीत रडायला लागली, की ती लावत. तिचं बरंचसं मराठी त्या कॅसेटमधूनच आलंय; त्यामुळे भाजीवाल्याशी बोलायची वेळ आली तर तिची पंचाईत होईल, पण 'देव साक्षीला आला गं' एकदम खणखणीत.

"म्हणेन की," मी म्हटलं. "तुझ्या लग्नात नाही म्हणणार तर कुणाच्या?"

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस." शिक्षिकेची जात आमची. दिलेला शब्द म्हणजे फळ्यावर लिहिलेला.

एडिनबरा, लीथ

ऑगस्टात एडिनबरात कसले कसले महोत्सव असतात. रस्त्यात तोंडाला चुना फासलेली माणसं पुतळ्यासारखी उभी राहतात आणि हॉटेलवाले एका रात्रीचे एवढे पैसे मागतात, की आपणच पुतळा होतो. इराचा फ्लॅट काडेपेटीएवढा. म्हणून ठरलं, की मी आणि मेधाने कॅलमच्या आजोबांकडे राहायचं; जावई लग्नाच्या आदल्या दिवशी गाडीत सामान भरून येणार.

मी ऐकून थंडच झाले. "मेधा, मुलीकडच्यांनी मुलाच्या घरी मुक्काम? लग्नाच्या आधी? सांगलीला कळलं तर?"

"आई, सांगलीला कोण सांगणार आहे?"

"मीच!" आता बघा, लिहूनच टाकलं.

आजोबांचं नाव ऍलेक. आयुष्यभर एडिनबराच्या बस चालवल्या आणि शनिवारी पबमध्ये पियानो वाजवला. घर लीथला, बंदराजवळ. एकटेच राहतात. उंच, गाल लाल, पांढऱ्या भुवया माझ्या दोन वेण्यांपेक्षा दाट. दारातच त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "या, विमल." सरळ नावानं! आमच्या ह्यांनी आयुष्यभर 'अगं'वर भागवलं होतं. मी दचकून मागे मेधाकडे बघितलं, तर ती हसू दाबत बूट काढत होती.

पहिले दोन दिवस ऍलेक काय बोलतात ते मला कळत नव्हतं आणि मी काय बोलते ते त्यांना. त्यामुळे आमचं उत्तम जमलं. तिसऱ्या दिवसापासून कळायला लागलं आणि वाद सुरू झाले. ते सकाळी ओटची कण्हेरी करतात आणि तिच्यात साखर घालत नाहीत, मीठ घालतात. मी म्हटलं, "हे आजारी माणसाचं खाणं." ते म्हणाले, "म्हणूनच इकडची माणसं आजारी पडत नाहीत." दुपारी त्यांनी 'टॅब्लेट' घेणार का म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझी बीपीची सकाळीच झाली. मग त्यांनी बशी पुढे केली, तर त्यात चक्क आपली दुधाची वडी! तीच खुसखुशीत, तीच दाताला चिकटणारी. इथे तिला टॅब्लेट म्हणतात. डॉक्टरांनी असली गोळी लिहून दिली असती, तर मी दिवसातून तीनदा घेतली असती.

एकदा मला बंदरावर फिरायला नेलं. मी पिशवीतून बाकरवडी काढली, त्यांच्या हातावर एक ठेवली आणि दुसरी तोंडाकडे नेली, तोच एक समुद्रपक्षी आला आणि माझी बाकरवडी घेऊन गेला. मांजराएवढा पक्षी! थोडं उडाला, चोच उघडली आणि ती तिखट बाकरवडी पाण्यात टाकून दिली. ऍलेक एवढे हसले, की त्यांना बाकावर बसावं लागलं. "विमल, लीथच्या पक्ष्याने काही परत टाकलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं."

त्यांच्या बैठकीत एक जुना उभा पियानो आहे. संध्याकाळी ते वाजवत. शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन गाणी, सगळी एकाच माणसाची. एल्मर पिंगरी त्याचं नाव. हा पिंगरी अमेरिकेतल्या कुठल्याशा नदीकाठच्या गावचा. दुकानात बसून पियानो वाजवायचा, म्हणजे गिऱ्हाईक ऐकून गाण्याचा कागद विकत घेईल. मग स्वतःच गाणी करायला लागला: चंद्रावर, आईवर, रेल्वेवर, नव्या मोटारीवर, जे खपेल त्यावर. एकदा तमासगिरांच्या संचाबरोबर बोटीने इकडे आला, बंदराबंदरांतून वाजवत हिंडला आणि परत गेला. तिकडे त्याला आता कुणी ओळखत नाही. "पण माझी आई कपडे धुताना त्याचीच गाणी म्हणायची," ऍलेक म्हणाले, "म्हणजे तो इथेच राहिला." त्यांनी एका गाण्याचा कागद दाखवला, त्यावर पिंगरीचा फोटो होता: वाटोळी टोपी, मेण लावलेल्या मिशा आणि उधारी बुडवून आल्यासारखं हसू.

"कसा वाटतो?"

"सोयरीक करण्यासारखा नाही वाटत," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात श्रीखंडाचं दही टांगत होते. मेधा हॉलवर गेली होती. जाताना बजावून गेली होती, "आई, प्लीज, त्यांच्या किचनमध्ये काही सुरू करू नकोस." मी दही नळाला टांगलं. एकीकडे लग्नाची तयारी म्हणून मंगलाष्टकं गुणगुणत होते. 'देव साक्षीला आला गं' झालं आणि श्वास घेतला. तेवढ्यात मागून आवाज आला.

ठक ठक.

वळून बघितलं, तर ऍलेक दाराच्या चौकटीला हात लावून उभे. लाल गाल कुठे गेले कोण जाणे.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"हे? हे माझं आहे," मी ऐटीत म्हणाले. "आमच्या लग्नांत म्हणतात. चाल तुमच्या लोकांच्या देवाची, शब्द माझे."

"देवाची?" ते खुर्चीत बसले. "विमल, ही पिंगरीची चाल आहे."

मग त्यांनी मला ते गाणं सांगितलं. म्हणून नाही दाखवलं, नुसतं सांगितलं. चर्चमध्ये लग्न आहे. पाहुणे जमलेत, पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलंय, नवरा नवे बूट घालून उभा आहे. आणि नवरी मागच्या दारानं बँडमधल्या ट्रॉम्बोनवाल्याबरोबर पळून गेली आहे! प्रत्येक कडव्यात नवरा बिचारा नवीन कुणाला तरी विचारतो, नवरी कुठे, आणि कडवं संपलं की पबमधली सगळी माणसं टेबलावर दोनदा ठोकतात. ते मागचं दार बंद झाल्याचा आवाज.

मी ओट्याला टेकले. जिथे ते दार आपटत होते, नेमकं तिथे आम्ही 'सावधान' म्हणत होतो. माझ्या डोळ्यांपुढून सगळे मांडव सरकायला लागले. भावकीतली, शेजारची, मुख्याध्यापिकांच्या मुलीचं, आमदारांच्या पुतण्याचं. सगळ्यांना मी डोळे मिटून, गळा काढून, नवरी पळाल्याचं गाणं म्हणून दाखवलं होतं, आणि वर नारळ घेतला होता. त्या नर्सबाई! दिवसभर रक्त आणि पू पुसून संध्याकाळी चार घटका मजा करत होत्या बिचाऱ्या, आणि मी खाटेवर पडून मोक्षाला चालले होते.

मला हसू फुटलं. आवरेचना. डोळे पुसून बघते, तर ऍलेक हसत नव्हते.

"हे तुम्ही शनिवारी म्हणणार?"

"इराला तेच हवंय. वाजवून दाखवा ना एकदा, मूळ कसं आहे ते बघू."

ते उठले. "ते मी वाजवत नाही," म्हणाले. "चहा ठेवतो."

चर्चचा हॉल

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी ऍलेक जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या मंडळींसाठी पियानो वाजवतात. मलाही नेलं. पिंगरीसाहेबांचं स्मारक म्हणायचं तर हेच: प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या मोठ्या किटलीतला चहा, बशीत बिस्किटं आणि गुडघे दुखणारी, कवळ्या घातलेली माणसं, जी तोंड उघडलं की वीस वर्षांची होतात. एक काठीवाले गृहस्थ मोटारीचं गाणं म्हणताना हाताने भोंगा वाजवत होते. आमच्याकडे भजनी मंडळात टाळ कुणी घ्यायचे यावरून रुसवे होतात. इथे भोंगा कुणी वाजवायचा यावरून झाले.

माझ्या शेजारी जीन नावाच्या बाई बसल्या होत्या. हातात विणकाम, नजर सगळीकडे. असल्या बाईची ओळख मला सांगावी लागत नाही. आमच्या आळीत तीन आहेत. मी हळूच विचारलं, "ते पळालेल्या नवरीचं गाणं नाही म्हणत तुम्ही?"

त्यांच्या सुया थांबल्या. "श्श! ते ऍलेकपुढे नाही."

मग कानात सांगितलं. ते गाणं म्हणजे ऍलेकचं नाव होतं. शनिवारी पबमध्ये त्याच्यासाठी माणसं लांबून येत. आणि मग त्याची बायको त्याला सोडून गेली. मुलगा, म्हणजे कॅलमचा बाप, शाळेत होता. ट्रॉम्बोनवाला नव्हता कुणी, विमा विकणारा होता. पण लोकांना काय? पुढच्या शनिवारी ऍलेक पियानोवर बसला, तर कुणीतरी मागून टेबलावर दोनदा ठोकलं. सगळा पब हसला. ऍलेकने झाकण लावलं, कोट घातला आणि घरी गेला. त्यानंतर त्याने ते गाणं कधी वाजवलं नाही.

"आणि तसंही लग्नाच्या आठवड्यात ते तोंडात आणू नका," जीनबाई म्हणाल्या. "आमच्याकडे लग्नात ते वाजलं, की संसार टिकत नाही म्हणतात. माझ्या काकाने एका अकॉर्डियनवाल्याला त्यापायी हॉलबाहेर काढलं होतं."

बिस्किट माझ्या चहात कधी विरघळलं, कळलं नाही. परवाच्या लग्नाला ऍलेकचे भाऊ, भाच्या, लीथची सगळी जुनी मंडळी येणार. मी तोंड उघडायचा अवकाश, पहिल्या ओळीतच ती ओळखणार. त्या माणसाची एकदा झाली तेवढी शोभा पुरे नाही, म्हणून आता नातवाच्या लग्नात मी सातासमुद्रापलीकडून येऊन परत करायची? ज्याच्या घरचं मीठ खाल्लं (कण्हेरीत का होईना), त्याची?

आणि दुसरीकडे फळ्यावर लिहिलेला शब्द.

संसार टिकत नाही वगैरे मी मानत नाही. म्हणजे दिवसा मानत नाही.

संध्याकाळी इरा आली. मी गळ्याला मफलर गुंडाळून बसले. "इरा, माझा घसा बसलाय गं. ती चाल फार उंच जाते. मी साधी म्हणते, गुरुजी म्हणतात ती."

"तुझा घसा बसला नाही," ती म्हणाली. "तू आत्ता मम्माला ओरडत होतीस."

"ते खालच्या पट्टीत."

"आजी, मी एकच गोष्ट मागितला. एकच." तिचा ओठ थरथरला, लहानपणी गाडीत थरथरायचा तसाच. "हॉल मी केला, कॅटरर मी केला, सगळं मी केला. तू प्रॉमिस केली होती."

काय सांगणार? सांगितलं असतं तर तिने कॅलमला सांगितलं असतं, कॅलमने बापाला, आणि लग्नाच्या तोंडावर त्या घरातली झाकलेली जखम सगळ्यांनी मिळून उघडली असती. मी मफलरचा आणखी एक वेढा घेतला. ती बैठकीत ऍलेकपाशी गेली. दार लोटलेलं होतं. आतून तिचं नाक ओढणं आणि त्यांचं हळू आवाजात काहीतरी विचारणं ऐकू येत होतं. मेधा माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"आई, काय चाललंय तुझं? घसा?"

"माझा घसा, मी बसवीन नाहीतर उठवीन."

शुक्रवारभर ऍलेक घरात नव्हते. चर्चच्या हॉलवर काम आहे म्हणाले. मला वाटलं, मला टाळताहेत. मी श्रीखंड घोटत राहिले. इतकं घोटलं, की जावई आल्यावर चव बघून म्हणाला, "आई, हे श्रीखंड आहे की शिक्षा?"

लग्न

शनिवारी ऊन होतं आणि वारा असा, की आमच्या जावयाने हौसेने नेसलेलं धोतर आणि कॅलमचा घागऱ्यासारखा किल्ट यांची दारातच परीक्षा झाली. किल्ट पास झाला. लोकर जाड, पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव. धोतर मेधाच्या साडीच्या पिनांवर कसंबसं आत आलं.

हॉलच्या व्यवस्थापकाने तांदूळ टाकायला बंदी केली होती. फरशीवर पाय घसरतात म्हणे. म्हणून अक्षतांच्या जागी गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या. प्रत्येक खुर्चीवर कागदाचा एक कोन, त्यात पाकळ्या. लीथच्या एका आजोबांनी खाऊ समजून त्यातली एक खाल्ली, हे मी स्वतः बघितलं.

अंतरपाट धरला. मेधाची रेशमी शाल होती. अलीकडे इरा, पलीकडे कॅलम. ग्लासगोहून आलेल्या गुरुजींनी मला खूण केली. मी पुढे झाले. शालीच्या वरून इराचे डोळे दिसत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

मी घसा साफ केला. साधी चाल. गणपतीपासून सुरू करायची आणि मोकळं व्हायचं.

तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून पियानोचा एक सूर आला. मग दुसरा. दादऱ्यासारखा झुलत, पण अगदी सावकाश, देवळातल्यासारखा. ऍलेक पियानोवर बसले होते, कोट घालून, कोटाला पांढरं फूल. आणि ते पिंगरीची चाल वाजवत होते.

लीथकडच्या खुर्च्यांमध्ये एकदम हालचाल झाली. कुणीतरी श्वास आत घेतलेला मला इथवर ऐकू आला. जीनबाईंनी पर्स छातीशी धरली. कॅलमचा बाप अर्धवट उठला. ऍलेकनी कुणाकडेही बघितलं नाही; भुवया उचलून माझ्याकडे बघितलं, बसचा ड्रायव्हर दारात घुटमळणाऱ्या बाईकडे बघतो तसं. चढायचंय की नाही?

मी चढले.

'दोन गावांच्या दोन या वाटा' म्हटलं आणि लक्षात आलं, की ते पिंगरीचं नुसतं वाजवत नाहीत. 'मांडवी'वर मी एक हिसका घेते, वरून खाली, आमच्या लावणीतला असतो तसा. अमेरिकेत तो असणार नाही. तो माझ्या एकोणीस वर्षांच्या आगाऊ गळ्याने घातलेला. ऍलेकच्या बोटांनी तो जसाच्या तसा घेतला. नंतर कळलं, गुरुवारी इराकडून त्यांनी त्या कॅसेटचं फोनवरचं रेकॉर्डिंग मागून घेतलं होतं आणि शुक्रवारभर हॉलच्या पियानोवर तेच घोटत होते. मी श्रीखंड घोटत होते तेव्हा. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की त्या दोन वेण्यांच्या पोरीने काहीतरी थोडंसं स्वतःचंही केलं होतं. फार नाही, एका हिसक्याएवढं.

कडवं संपत आलं. 'देव साक्षीला आला गं.' आता ते दार. 'शुभमंगल साऽवधाऽन' म्हटलं, आणि ऍलेकनी उजवा हात पियानोवरून उचलला, मूठ मिटली आणि लाकडावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्वतःच ठोकलं.

ठक ठक.

मग काठीवाल्या गृहस्थांनी काठी फरशीवर दोनदा आपटली. दुसऱ्या कडव्याला त्यांच्याकडची सगळी रांग ठोकत होती: खुर्च्या, काठ्या, टाचा. आमच्याकडून पाकळ्या, त्यांच्याकडून ठोके. आमच्या पुणेकर पाहुण्यांना वाटलं, ही तिकडची पद्धत असणार. तेही ठोकायला लागले. ऍलेकचा धाकटा भाऊ उघड उघड डोळे पुसत होता आणि हसत होता. आणि शालीच्या वरून इरा माझ्याकडे बघत होती. आता बघत होती.

अंतरपाट खाली आला. माळा पडल्या. बायका रडल्या, दोन्हीकडच्या.

जेवणाच्या वेळी मी श्रीखंडाची वाटी घेऊन ऍलेकच्या शेजारी जाऊन बसले. पाठीवर सगळ्यांच्या थापा खाऊन त्यांचा टाय वाकडा झाला होता. मी म्हटलं, "जीनबाई मला काय म्हणाल्या, माहीत आहे ना? तुमच्याकडे लग्नात हे वाजलं तर संसार टिकत नाही. आज काही झालं तर दोन्ही घरची माणसं आपल्या दोघांना धरतील."

त्यांनी श्रीखंडाचा चमचा तोंडात घातला, तो सावकाश संपवला, आणि मग म्हणाले:

"विमल, माझ्या लग्नात ते कुणीही वाजवलं नव्हतं."